सरांच्या कपाटाला हार

आमच्या रसायनशास्त्र विभागात कुणी दार आपटत नसे. बाहेरून येणाऱ्यांना याचं फार कौतुक. एकदा तपासणीला आलेल्या समितीतल्या बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "किती शांत आहे हो तुमच्याकडे! मुलंसुद्धा पाय न वाजवता चालतात." आमच्या विभागप्रमुखांनी मान तिरकी केली, हात जोडले आणि म्हणाले, "मोठ्या सरांचे संस्कार." माझं बिस्किट कपातच तुटून पडलं. संस्कार कसले डोंबलाचे. आतल्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक कपाट होतं आणि त्या कपाटात धक्का लागला तर फुटेल अशी एक बाटली होती. म्हणून आम्ही सगळे मांजरासारखे चालत होतो.

मोठे सर म्हणजे ज्यांनी हा विभाग उभा केला ते. आता निवृत्त होऊन नागपुरातच, प्रताप नगरात राहत होते. मी त्यांची विद्यार्थिनी आणि विभागप्रमुखही त्यांचेच विद्यार्थी. फरक इतकाच, की मी त्यांच्याकडून रसायनशास्त्र शिकले आणि विभागप्रमुख भक्ती शिकले. निवृत्तीच्या दिवशी सरांनी या काचेच्या दारांच्या कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निरोप समारंभातले पेढे घेऊन घरी गेले. आत त्यांनी जन्मभर वापरलेल्या बाटल्या, त्यांवर त्यांच्या अक्षरातली लेबलं. पुढे ते कपाट कुणी उघडलं नाही. आधी आदर म्हणून, मग सवय म्हणून, आणि नंतर कुणाची छातीच होईना म्हणून.

दर गुरुपौर्णिमेला कपाटाला झेंडूचा हार घालायचा. काचेला हळदकुंकू लावायचं, समोरच्या स्टुलावर अगरबत्ती लावायची आणि सगळ्यांनी मिळून फोटो काढायचा. तो फोटो विभागप्रमुख सरांना व्हॉट्सॲपवर पाठवत. सरांकडून उत्तरादाखल जोडलेले हात येत. कार्यक्रमाला यायचं बोलावणं सरांना दरवर्षी जाई आणि सर दरवर्षी नाही म्हणत. "सरांना सत्काराचा सोस नाही," असं विभागप्रमुख गहिवरून सांगत.

आता बाटलीबद्दल. दुसऱ्या फळीवर, काचेच्या जवळच, पिवळ्या पुडीची एक बाटली होती. पिक्रिक ॲसिड. हे पाण्यात भिजलेलं असेतोवर गरीब गाय. पण पाणी उडून गेलं आणि झाकणाच्या आट्यांत त्याचे कोरडे खडे जमले, की मग धक्का, घासणं, ठिणगी, काहीही पुरतं. एके काळी तोफगोळ्यांत हेच भरत. आमच्या बाटलीच्या झाकणाभोवतीची पिवळी पपडी बाहेरूनही दिसायची. शेजारी ईथरच्या बाटल्या, त्याही जुन्या झाल्या की स्फोट होणाऱ्या, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि या सगळ्या मंडळींना आम्ही अगरबत्ती ओवाळत होतो. एवढा श्रद्धाळू विभाग दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही.

माझा स्वभाव मुळात असल्या गोष्टींपुढे हात जोडणारा नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधले आणि कन्हान नदीत सोडून आले. आजी म्हणे मागून ओरडत होती, "पितळीची वाटी तरी ठेवाची होती." बाबा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. क्वार्टरमध्ये साधं गॅसचं सिलिंडर बदलायचं असलं तरी ते आम्हा सगळ्यांना अंगणात नेऊन उभं करत. आई वैतागून म्हणायची, "फोटो काढाले उभे केल्यावानी काहून उभं करता रोज रोज?" अशा घरात वाढल्यामुळे देवांची भीती मला कधी वाटली नाही आणि सिलिंडरची कायम वाटत आली. देव नदीत सोडता येतात, पिक्रिक ॲसिड सोडता येत नाही, एवढीच काय ती भर माझ्या पदव्यांनी त्यात घातली.

सोडता येत नाही हे मात्र विभागात कुणाला पटलेलं नव्हतं. आमच्याकडे सिंक म्हणजे गंगा. प्रयोगातून उरलेलं काहीही त्यात ओतायचं, वरून नळ मोकळा सोडायचा, की पाप धुतलं गेलं. मी भांडून भांडून वेगवेगळे डबे ठेवायला लावले. क्लोरिनवाली द्रावणं एकात, बाकीची दुसऱ्यात, आम्ल वेगळं, फुटकी काच वेगळी. प्रत्येकावर लेबल, तारीख, घट्ट झाकण. पहिल्याच आठवड्यात क्लोरिनच्या डब्यात कुणीतरी चहाचा गाळ टाकला. मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, बाकीचे डबे दूर होते." मी कपाळावर हात मारून घेतला, पण डबे हलवले नाहीत. हळूहळू लोक डब्यांना सरावले. कपाटाचं मात्र कुणी नाव काढू देत नव्हतं.

"मॅडम, ते सरांचं आहे," विभागप्रमुख म्हणत. "सरांच्या वस्तूची विल्हेवाट लावणारा मी कोण?"

"विभागप्रमुख," मी म्हणे. ते हसत आणि विषय बदलत.

मग माझ्याकडे एक मुलगी संशोधनाला आली. काटोलकडची, बेसाला खोली घेऊन राहणारी. हुशार होती, पण मला ती आवडली ती तिच्या आवाजामुळे. ती बोलली की व्हरांड्यात ऐकू यायचं, हसली की कबुतरं उडायची, आणि खुर्ची अशी ओढायची की खालच्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्रवाल्यांनी एकदा वर येऊन चौकशी केली. प्रयोगशाळेत रिकामी जागा एकच होती, कपाटाला लागून. तिचं काम ज्या, रसायनांच्या वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखाली चालायचं तेही तिथेच. मी तिला पहिल्याच दिवशी बाटली दाखवली, ती काय आहे ते सांगितलं, आणि तिथे बसायचं नसेल तर दुसरी सोय बघते म्हणाले. दुसरी सोय म्हणजे व्हरांडा, हे तिलाही दिसत होतं. "बसतो मॅडम," ती म्हणाली. "मी हळू बसन."

आणि खरंच हळू बसायला लागली. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून ठेवायची. ड्रॉवर बोटांच्या टोकांनी लावायची. काही दिवसांनी तिचं बोलणं खाली आलं, मग हसणं गेलं. फोन आला तरी ती तोंडावर हात धरून बोले. विभागप्रमुख एकदा मला म्हणाले, "तुमची विद्यार्थिनी किती सुधारली!" मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला, की मी उठून माझ्या खोलीत निघून गेले. एका धडधाकट पोरीचा आवाज आम्ही एका बाटलीपायी बसवला होता, आणि हा माणूस त्याला सुधारणा म्हणत होता.

एका दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. सँडल हातात होत्या.

"मॅडम," ती कुजबुजली, "फळीचा टेकू सरकला. बाटली काचेले टेकून राहिली."

मी तिला तिथेच बसवलं, प्रयोगशाळेत जो कोणी होता त्याला बाहेर काढलं आणि दाराच्या काचेतून पाहिलं. फळी एका अंगाला उतरली होती. पिवळी बाटली कपाटाच्या काचेवर मान टेकून उभी होती. कपाटाचं दार उघडलं असतं तर ती सरळ खाली आली असती. मी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि विभागप्रमुखांकडे गेले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परवा गुरुपौर्णिमा आहे. तेवढी होऊ द्या. मग समिती नेमू."

"सर, हार कुठे घालणार?"

"नेहमीच्या जागी."

"बाटली काचेला टेकलीय."

"मग हार हळूच घालू," ते म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. त्या कपाटापलीकडे त्यांना काही दिसतच नव्हतं. पोलिसांच्या बॉम्बवाल्या पथकाला बोलवायचं तर पत्रावर सही त्यांची लागणार, आणि सरांचं कपाट आणि पोलीस हे शब्द एका वाक्यात लिहायला त्यांचा हात धजत नव्हता. मी परस्पर फोन करणारच होते. पण येणारे लोक पहिल्यांदा विचारणार, आत नेमकं काय आहे आणि किती जुनं आहे. ते सांगू शकणारा माणूस एकच होता. मी मुलीला स्कूटरवर मागे बसवलं आणि प्रताप नगर गाठलं.

सर अंगणात बनियनवर बसून कूलर धुवत होते. उन्हाळा संपला की नागपुरात घरोघरी हाच सोहळा असतो. जाळ्यांतलं कुजकं गवत त्यांनी एका बाजूला काढून ठेवलं होतं.

"ये वं, ये," ते मला म्हणाले. "अन् हे कोन?"

"सर, ही तुमच्या कपाटाशेजारी बसते."

सरांचा हात थांबला. ते मुलीकडे बघत राहिले.

"शेजारी म्हंजे किती शेजारी?"

"हात लांब केला का लागते सर," ती म्हणाली.

सर उठले आणि उपड्या टाकलेल्या कूलरच्या टाकीवर बसले. फळी उतरल्याचं मी सांगितलं. पिक्रिक ॲसिड सुकलंय असंही सांगितलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "मी होतो तवाच सुकलं होतं. एक दिवस उघडाले गेलो. झाकनाले हात लावला अन् पपडी दिसली. हात मांगं घेतला अन् कपाटाले कुलूप लावलं. मंग रिटायर झालो."

"सर, आम्हाला सांगायचं तरी."

"काय सांगू? साऱ्यायले सेफ्टी शिकवनारा मी. माहीच बाटली सुकली अन् मलेच तिचं भेव वाटते, असं सांगू? म्हटलं, मांगून येतीन कोनी शहाने, टाकतीन काढून. तर तुमी हार घातला."

सर पुढे म्हणाले, "दरसाल फोटो येते न मले. मी हार नाही पाहत. अगरबत्ती किती दूर ठेवली ते पाहतो, अन् मंग बीपीची गोळी घेतो."

"आणि उत्तरात हात जोडून पाठवता."

"ते त्यायले नाही जोडत वं. बाटलीले जोडतो."

मला हसू आलं, आणि हसता हसता इतका संताप आला की माझी जीभ सुटली. "सर, तुमच्या लाजेपायी या पोरीनं हसणं सोडलंय," मी म्हणाले. सरांशी असं कुणी कधी बोललं नव्हतं, मी तर नाहीच. आत भांडी घासायचा आवाज येत होता, तोही थांबला.

सर माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी मुलीला विचारलं, "घरी सांगतलं काय वं, कशापाशी बसतं ते?"

"नाही सर. आई वापस बोलावून घेईन."

सरांनी ओले हात लुंगीला पुसले. मग मला म्हणाले, "किती वाजता असते तुमची गुरुपौर्णिमा?"

सर येणार हे मी विभागात कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ते येतील याची मलाच खात्री नव्हती. सरांनी त्या दिवशी सांगितलेल्या बाटल्यांची नावं मी पोलिसांना फोनवर कळवून ठेवली होती. ते म्हणाले, विभागप्रमुखांचं पत्र हातात पडलं की निघतो. गुरुपौर्णिमेच्या सकाळी विभागप्रमुखांनी ऑफिसातली दुसरी किल्ली आणून प्रयोगशाळा उघडली. मी दारात आडवी उभी राहिले. ते माझ्या बगलेखालून आत गेले. इतके मोठे गृहस्थ इतके वाकू शकतात हे मला तेव्हाच कळलं. त्यांच्यामागे कुंकवाची वाटी घेऊन दोघे प्राध्यापक गेले. मुलीला मी जिन्यापाशी उभं केलं होतं आणि एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ, असं बजावलं होतं. आत विभागप्रमुखांनी हार मनगटावर घेतला आणि खिशातून काडीपेटी काढली.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज झाला. सर पांढरा शर्ट इस्त्री करून, ऑटोनं आले होते.

"सर, आपण स्वतः!" विभागप्रमुख हार सावरत वाकले. "या ना, आत या."

सर उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "पहिले ते काडीपेटी खिशात टाक."

"सर?"

"टाक म्हनतो न. अन् मी अंदर नाही येत. मले भेव वाटते."

व्हरांड्यात शंभरेक पोरं जमली असतील. सरांनी आवाज चढवला नाही, पण शब्दही गाळला नाही. बाटली आपली आहे, आपल्याच हातून सुकली, आपण घाबरून कुलूप लावलं, आणि इतकी वर्षं कार्यक्रमाला आलो नाही तेही त्या कपाटापुढे उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून. "माहे पाय धराचे असन त बाहेर या," ते म्हणाले. "साऱ्यायनं या. हळू या."

सगळे आले. विभागप्रमुख शेवटी आले, हार अजून मनगटावरच. हा माणूस झोपेतसुद्धा छापील मराठी बोलत असेल असा आमचा अंदाज होता. त्या दिवशी तो अंदाज चुकला.

"पन सर," ते म्हणाले, "तुमी आमाले सांगतलं काहून नाही?"

"लाज वाटली गा," सर म्हणाले. "तुमी मले विचारलं काहून नाही?"

मी लिहून आणलेलं पत्र विभागप्रमुखांपुढे केलं. त्यांनी ते व्हरांड्यातल्या कठड्यावर ठेवून सही केली. सही करताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांची दया आली.

पथक आलं तेव्हा पूर्ण इमारत रिकामी होती आणि आम्ही मैदानापलीकडच्या कडुनिंबांखाली उभे होतो. त्यांच्यातल्या एकानं जाड पोशाख चढवायच्या आधी सरांना बरंच काही विचारलं, आणि सरांनी कुठल्या फळीवर काय आहे ते सांगून कपाटाची किल्ली त्याच्या हातात ठेवली. तो दारातून एकदा पाहून परत आला.

"काचेवर कुंकू लागून हाय," तो म्हणाला. "हे काय हाय?"

सगळे विद्वान एकदम आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

आत त्यांनी काय केलं ते आम्हाला दिसलं नाही. दाराच्या फटीतून लांब नळीनं आधी पाणी सोडून बाटली भिजवली आणि दार उघडायच्या आधी बरंच थांबले, एवढं नंतर कळलं. आम्ही वाट पाहत राहिलो. माझ्याशेजारी मुलगी दोन्ही हात घट्ट धरून उभी होती. विभागप्रमुखांना हाराचं काय करावं सुचत नव्हतं. सरांच्या गळ्यात घालायला गेले, तर सर मागे सरकले. शेवटी त्यांनी तो माझ्या स्कूटरच्या हँडलला अडकवला. वाळूत ठेवलेली बाटली गाडीतून शहराबाहेर गेली, आणि संध्याकाळच्या आत निरोप आला की काम झालं.

उरलेल्या बाटल्या न्यायला पुढच्या आठवड्यात घातक कचरा नेणारी माणसं आली. त्यांनी एकेक बाटली पाहून, वेगळी करून भुसा भरलेल्या पिंपांत बसवली आणि घेऊन गेली. कपाट भंगारात गेलं. फरशीवर त्याच्या पायांचे डाग तेवढे राहिले. त्या दिवशी सर पुन्हा आले होते. बोलावलं नव्हतं, तरी आले. या वेळी उंबरा ओलांडून आत आले आणि रिकाम्या कोपऱ्यात उभे राहून सगळीकडे पाहत राहिले.

मुलगी आपल्या जागेवर आली. तिनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि आवाज न करता ठेवली. ड्रॉवर उघडला, वही काढली आणि बोटांच्या टोकांनी ड्रॉवर परत लावला. मला ते बघवेना. कपाट गेलं होतं आणि ही अजून त्याच्याशेजारीच बसली होती.

सरांनीही पाहिलं. "तो डावर लाव वं," ते म्हणाले.

"लावला सर."

"तसा नाही. आपट."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, डोळे मिटले आणि दाणकन आपटला. विभागप्रमुख जागच्या जागी उडाले. सरांनी टेबल धरलं. मीही दोन पावलं मागे सरकले. आणि काहीच झालं नाही. धुराड्याचा पंखा आपला फिरत होता.

तिनं डोळे उघडले. मग कुणी न सांगता तिनं ड्रॉवर पुन्हा ओढला, पुन्हा आपटला, आणि हसली. पहिल्यासारखी, मोठ्यानं.

खालून भौतिकशास्त्रवाले धावत आले, काय झालं म्हणून.